यंत्राचा धनी कोण?

“कॉम्प्युटर आता वैयक्तिक झाला. एका यंत्रावर पाचपन्नास माणसांनी काम करण्याचे दिवस गेले. आता ज्याचे यंत्र त्याच्या खिशात!” हे वाक्य मी गेल्या काही वर्षांत शिक्षकांच्या शिबिरांतून आणि बक्षीससमारंभांच्या भाषणांतून इतक्या वेळा ऐकले आहे, की ते खोटे असू शकेल अशी शंका कोणाला येईनाशी झाली आहे. मला ती आली. आणि ज्या दिवशी ती आली त्या दिवसापासून हे वाक्य ऐकले की माझे डोके उठते. कारण हे वाक्य नुसते खोटे नाही, ते सोयीचे खोटे आहे. आणि ज्यांची सोय होते ते व्यासपीठावर बसलेले नसतात, श्रोत्यांत तर नसतातच नसतात.

माझा अधिकार काय, असे कोणी विचारील. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. पोटासाठी मी शाळेत शिकवतो आणि रात्री कादंबऱ्या लिहितो. ह्या शास्त्रातली एकही पदवी माझ्यापाशी नाही. ज्यांच्यापाशी आहे त्यांनी ही हकीकत चार माणसांना कळेल अशा मराठीत सांगण्याचे मनावर घेतले असते, तर मी माझ्या कादंबरीकडे सुखाने वळलो असतो. पण कादंबरीकाराला एक खोड असते. कोणत्याही घरात शिरला की आत किती माणसे राहतात, किल्ल्यांचा जुडगा कोणाच्या कमरेला आहे आणि कोणत्या खोलीत कोणाला मज्जाव आहे, हे तो आधी पाहतो. त्या खोडीपायी मी ह्या यंत्राच्या घरात डोकावलो. जे दिसले ते असे: खिशातल्या यंत्रातसुद्धा आज पाचपन्नास बिऱ्हाडे नांदत आहेत. प्रत्येकाची नावनिशी, हद्द आणि हक्क आत नीट नोंदलेले आहेत. फक्त किल्ल्यांचा जुडगा पैसे मोजणाऱ्याच्या कमरेला नाही.

हे कसे झाले ते समजायला थोडे मागे जावे लागते. १९५०च्या दशकात अमेरिकेत कॉम्प्युटर म्हणजे खोली व्यापणारे आणि संस्थेचे दिवाळे काढील इतके महाग यंत्र होते. ज्याला काम करून घ्यायचे त्याने भोके पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा खिडकीपाशी द्यायचा आणि उत्तरासाठी पुष्कळदा दुसऱ्या दिवशी यायचे. एक स्वल्पविराम चुकला तर पुन्हा गठ्ठा, पुन्हा खिडकी. आपल्याकडे रेशनकार्डावर नाव चढवायला गेलेल्या माणसाला हा अनुभव समजावून सांगावा लागणार नाही. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये जॉन मॅकार्थी यांनी १९५९ साली एक टिपण लिहून दुसरा मार्ग सुचवला, आणि त्याच संस्थेत फर्नांडो कॉर्बाटो व त्यांचे सहकारी यांनी नोव्हेंबर १९६१ मध्ये तो चालवून दाखवला. त्या व्यवस्थेचे नाव सीटीएसएस. कल्पना अशी की माणूस टाइपयंत्रासमोर बसून विचार करीत असतो तेव्हा यंत्र रिकामे असते. तो वेळ दुसऱ्याला द्यावा, दुसरा थांबला की तिसऱ्याला. हा फेरा इतक्या झपाट्याने फिरवायचा की प्रत्येकाला वाटावे, यंत्र आपल्या एकट्याच्या दिमतीला आहे. ह्या वेळवाटणीला ‘टाइम-शेअरिंग’ असे नाव पडले.

आता एका यंत्रावर अनेक जण आले म्हणजे जगातला सर्वांत जुना प्रश्न आलाच: माझे कोणते आणि तुझे कोणते? म्हणून सीटीएसएसमध्ये प्रत्येकाचे नाव, प्रत्येकाच्या फायली आणि प्रत्येकाचा परवलीचा शब्द. पुढे १९६६ साली तिथे एक फजिती झाली. एका दिवशी जो कोणी यंत्रावर आपले नाव सांगे, त्याच्यासमोर त्या दिवसाच्या सूचनेऐवजी सर्वांच्या परवलीच्या शब्दांची यादी छापून येई! कारण मोठे शिकण्यासारखे आहे. मजकूर दुरुस्त करण्याचा प्रोग्राम असे गृहीत धरून लिहिला होता, की एका नावाखाली एका वेळी एकच माणूस काम करील. व्यवस्थापकांनी स्वतःपुरती सवलत घेतली आणि दोघे जण एकाच नावाने बसले. एक सूचना लिहीत होता, दुसरा परवलीचे शब्द. दोघांच्या तात्पुरत्या फायली एकमेकींत गेल्या. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे मला ती लागणार आहे.

सीटीएसएसनंतर मल्टिक्स आले. एमआयटी, जनरल इलेक्ट्रिक कंपनी आणि टेलिफोन कंपनीची बेल लॅबोरेटरीज असा तिघांचा संसार. घरोघरी वीज जाते तशी गावभर गणनशक्ती पुरवायची, असा मोठा बेत. बेत चांगला होता, पण वर्षे लोटली तरी हाती काही येईना. १९६९ साली बेल लॅबोरेटरीजने त्यातून अंग काढले. (मल्टिक्स फसले असे पुष्कळजण लिहितात, त्यांच्या माहितीसाठी सांगतो की त्याचे शेवटचे यंत्र कॅनडात ३० ऑक्टोबर २००० रोजी बंद झाले. फसलेल्या गोष्टी इतकी वर्षे चालत नाहीत.)

बेलमधले काही तरुण मात्र ह्या माघारीने हवालदिल झाले. केन टॉम्प्सन त्यांतले एक. त्यांनी ग्रहगोलांतून यान फिरवण्याचा एक खेळ लिहिला होता; मोठ्या यंत्रावर तो एकदा खेळला की हिशेबवहीत सुमारे ७५ डॉलर पडत. तेव्हा त्यांनी कोपऱ्यात पडलेले पीडीपी-७ नावाचे एक लहान यंत्र शोधले. त्या उन्हाळ्यात त्यांची पत्नी तान्ह्या मुलाला घेऊन तीन आठवडे सासू-सासऱ्यांकडे गेली. (आपल्या कादंबरीत अशा वेळी बायको माहेरी जाते आणि नायक दारू पितो.) तेवढ्या मोकळ्या दिवसांत टॉम्प्सन यांनी एका नव्या कारभारव्यवस्थेचा सांगाडा उभा केला. मल्टिक्सच्या नावाची थट्टा करून तिला युनिक्स म्हणू लागले. अगदी आरंभी तिच्यात दोनच कामे एका वेळी चालत, कारण यंत्राला माणसांनी बसण्याच्या जागा दोनच होत्या.

पुढचा भाग मला सर्वांत प्रिय आहे. मोठे यंत्र हवे तर वरिष्ठांना कारण दाखवायला हवे. ह्या मंडळींनी सांगितले, आम्ही मजकूर टाइप करण्याची आणि नीटनेटका मांडण्याची सोय करतो. त्यावर पीडीपी-११ मंजूर झाले, आणि १९७१ च्या उत्तरार्धात बेलच्या पेटंट खात्यातले तीन टंकलेखक दिवसभर त्यावर अर्ज टाइप करू लागले. युनिक्सचे पहिले खरे गिऱ्हाईक हे! गणिती नव्हेत, शास्त्रज्ञ नव्हेत, टंकलेखक. यंत्राची स्मृती किती? २४ किलोबाइट. त्यांतले १६ कारभाराला, ८ काम करणाऱ्यांना. चकती अर्ध्या मेगाबाइटची. एकाच्या प्रोग्रामने दुसऱ्याच्या जागेत घुसू नये म्हणून यंत्रात जी भिंत लागते तीसुद्धा त्या यंत्रात नव्हती. लेखकांनी स्वतःचा नवा प्रोग्राम चालवून पाहायचा म्हणजे टंकलेखकांच्या दिवसभराच्या कामावर टांगती तलवार. तरीही तिघांचे काम तिघांचे राहिले. आज एका मोबाईलमध्ये काढलेले लग्नातले एक छायाचित्र त्या सबंध चकतीत मावणार नाही. हा आकडाही वाचकांनी ध्यानात ठेवावा.

टॉम्प्सन यांचे सहकारी डेनिस रिची यांनी १९७९ साली ह्या दिवसांविषयी लिहिले आहे. त्यांचे म्हणणे असे, की आम्हाला केवळ प्रोग्राम लिहिण्याची चांगली सोय नको होती. एका यंत्रापाशी जवळजवळ बसून काम केल्याने माणसांचा जो मेळ जमतो तो आम्हाला जपायचा होता. ‘वैयक्तिक, वैयक्तिक’ म्हणून टाळ कुटणाऱ्यांनी हे एकदा वाचावे. अनेकांनी एक यंत्र वापरणे ही गरिबीची तडजोड होती असे ते समजतात. यंत्र महाग होते हे खरेच आहे. पण ज्यांनी ही व्यवस्था घडवली त्यांना शेजार हवा होता, आणि शेजार हवा म्हणूनच त्यांनी भिंतींचा, कुलपांचा आणि दारांचा इतका बारीक विचार केला.

हा विचार आहे तरी काय? आमचे ‘संगणक परिचया’चे पुस्तक पडदा, कळफलक आणि उंदीर ह्यांच्या चित्रांवर संपते, म्हणून मीच सांगतो.

मध्यभागी एक कारभारी बसतो. त्याला कर्नल म्हणतात. यंत्राची चकती, स्मृती, वेळ ह्यांना हात लावायचा तर त्याच्याकरवी. त्याच्याभोवती शेल, म्हणजे आपण दिलेला हुकूम वाचून कारभाऱ्याकडे पोचवणारा मुन्शी. आपण काही चालवले की ती एक ‘प्रोसेस’ होते. तिला क्रमांक मिळतो, आणि ती कोणाच्या नावाने चालली आहे हे तिच्या कपाळावर लिहिलेले असते. ती जे करील ते त्या नावाच्या हक्कात. एका प्रोग्रामचे उत्तर सरळ दुसऱ्याच्या तोंडी देण्याची ‘पाईप’ची सोय १९७३ साली झाली, तिचे कौतुक जाणकारांनी पुष्कळ केले आहे, मी थांबत नाही.

माझा मुक्काम आहे फायलीपाशी. प्रत्येक फायलीला एक मालक असतो, एक गट असतो, आणि उरलेले जग असते. तिघांनाही तीन गोष्टींची परवानगी देता किंवा नाकारता येते: वाचणे, लिहिणे, चालवणे. तीन त्रिक नऊ. यंत्रावरची प्रत्येक फाईल ही नऊ होय-नाहींची ओळ कपाळी घेऊन जन्माला येते. वाचण्याला ४, लिहिण्याला २, चालवण्याला १ असे अंक दिले की तीन आकड्यांत सगळा कायदा मावतो. ६४० म्हणजे मालकाने वाचावे-लिहावे, गटाने नुसते वाचावे, परक्याने पाहूसुद्धा नये. आमच्या शाळेचा हजेरीपट नेमका ६४० आहे: वर्गशिक्षक लिहितो, इतर शिक्षक पाहतात, पालकाला तो दाखवीत नाहीत. सूचनाफलक ६४४. नववीतल्या मुलाला हे सांगून पाहा. तो घरातल्या प्रत्येक वस्तूला आकडे देऊ लागतो. आईचा मसाल्याचा डबा, आजोबांची पेटी, थोरल्या बहिणीची डायरी!

सार्वजनिक जागेचाही विचार आहे. तात्पुरत्या वस्तू ठेवण्याचा एक कट्टा असतो, तिथे कोणीही काहीही ठेवावे. पण एक खास खूण केलेली असते, तिच्यामुळे दुसऱ्याने ठेवलेली वस्तू तिसऱ्याला उचलता येत नाही. आमच्या गावच्या एस. टी. स्टँडला अशी खूण करता आली तर बरे होईल.

आणखी एक युक्ती रिची यांची. परवलीच्या शब्दांची फाईल एकच, तिच्यात सर्वांच्या ओळी. ती प्रत्येकाला लिहू दिली तर अनर्थ. कोणालाच न दिली तर स्वतःचा शब्द बदलायलाही अधिकाऱ्याच्या पाया पडावे लागेल. तोड अशी: शब्द बदलणाऱ्या एका प्रोग्रामला खूण करायची, की तो कोणीही चालवला तरी मालकाच्या हक्काने चालेल; आणि तो प्रोग्राम असा लिहायचा की ज्याची त्याचीच ओळ बदलील. किल्ली द्यायची नाही, काम मात्र करून द्यायचे. ह्या कल्पनेसाठी १९७३ मध्ये अर्ज झाला, १९७९ मध्ये पेटंट मिळाले, आणि पुढे ते सर्वांना मोकळे केले गेले. मला तर असे वाटते की आमच्या तहसील कचेरीला ज्याची गरज आहे ते हेच. तिथे आज दोनच मार्ग आहेत, किल्ली मिळवणे किंवा पाया पडणे.

आणि परवलीच्या शब्दांची ती फाईल सर्वांना वाचायला खुली होती! शब्द आत उलट न फिरणाऱ्या रीतीने दळून ठेवलेले. पीठ पाहून दाणा ओळखता येऊ नये अशी योजना. रॉबर्ट मॉरिस आणि टॉम्प्सन यांनी १९७९ साली ह्याची सगळी हकीकत छापून प्रसिद्ध केली, आपली कुलपे कशी फुटू शकतात हेही सांगितले. यंत्रे वेगवान झाल्यावर पीठ दळूनदळून दाणा शोधणे सोपे झाले, तेव्हा ती फाईल झाकावी लागली. पण कुलपाची रचना लपवून घर सुरक्षित होत नाही, हा धडा टिकला.

आता आमच्याकडे काय चालते ते ऐका. एका शाळेत (ती कोणती हे महत्त्वाचे नाही, अशा पुष्कळ आहेत) बारा कॉम्प्युटर आले. हार घातले, नारळ फोडला. बाराही यंत्रांवर एकच नाव: ‘स्टुडंट’. परवलीचा शब्द फळ्याच्या कोपऱ्यात कायमचा लिहिलेला. पाचवीपासून दहावीपर्यंतची सगळी मुले त्या एका नावाने बसत. नववीतल्या एका मुलीने आपल्या आजीकडून ऐकलेली जात्यावरची गाणी चार शनिवार बसून मराठीत टाइप केली. पाचव्या शनिवारी फाईल नाही. सातवीच्या कोणा पोराने जागा मोकळी केली होती. त्याचाही दोष नाही, कारण यंत्राच्या दृष्टीने ती दोघे एकच माणूस होती. दोघांचेही नाव ‘स्टुडंट’, आणि आपली फाईल आपण पुसली तर यंत्र कशाला हरकत घेईल? मी देखभालीच्या माणसाला म्हटले, प्रत्येक मुलाला स्वतःचे नाव द्या. तो म्हणाला, “सर, त्याला सर्व्हर लागेल. पोरांना पेन-ड्राईव्ह आणायला सांगा.” शेतमजुराच्या मुलीने पेन-ड्राईव्ह आणायचा!

२४ किलोबाइटच्या यंत्राने तीन टंकलेखकांना तीन कपाटे दिली होती. ह्या यंत्रांची स्मृती त्याच्या लक्षपटीने मोठी; त्यांच्यात वेगवेगळी नावे देण्याची सोय विकत घेतलेल्या दिवसापासून होती, ती कोणी उघडली नव्हती इतकेच. आणि १९६६ साली त्या विद्वानांना जी अद्दल घडली, की एका नावाखाली दोन माणसे बसवू नयेत, ती आम्ही नारळ फोडून पहिल्याच दिवशी मोडली. मुलगी रडली नाही. “कॉम्प्युटरवर असंच होतं ना सर?” असे म्हणाली. माझा राग आहे तो ह्या वाक्यावर. आम्ही तिला यंत्र शिकवले नाही, यंत्रापुढे मान तुकवायला शिकवले.

कोणी म्हणेल, अज्ञान आहे, हळूहळू जाईल. अज्ञान आपोआप आले असते तर आपोआप गेले असते. ह्या विषयात शिकवण्यावर बंदी घातल्याचा इतिहास आहे. १९५६ सालच्या एका न्यायालयीन तडजोडीने अमेरिकेच्या टेलिफोन कंपनीला दूरध्वनीबाहेरचा धंदा करायला मनाई होती. म्हणून युनिक्स हा विकाऊ माल नव्हता. विद्यापीठांना नाममात्र दरात मिळे, आणि त्याचा मूळ मजकूर सोबत मिळे. सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठात जॉन लायन्स नावाचे प्राध्यापक होते. त्यांनी तो मजकूर घेतला, ज्ञानेश्वरीवर टीका लिहावी तसे ओळीओळीवर भाष्य लिहिले आणि १९७६-७७ च्या सुमारास ते वर्गात शिकवले. चालत्या यंत्राचे अंतरंग पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत विद्यार्थ्यांना वाचून दाखवणारा हा मास्तर! पण युनिक्सला किंमत येते आहे हे कंपनीच्या ध्यानात आले. १९७९ च्या सातव्या आवृत्तीबरोबर अट आली, की हा मजकूर वर्गात शिकवायचा नाही. लायन्स यांचे भाष्य मग चोरून छायाप्रती काढून जगभर फिरले, पोथीसारखे प्रतीवरून प्रत. ते उघडपणे छापले गेले १९९६ साली. १ जानेवारी १९८४ रोजी टेलिफोन कंपनीचे तुकडे झाले, जुनी मनाई उठली, आणि युनिक्स पुरते बाजारात बसले.

ह्याला जी उत्तरे आली त्यांवरच आजचे जग चालले आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी सप्टेंबर १९८३ मध्ये जाहीर केले, की मी युनिक्ससारखी पण सर्वांना मोकळी अशी जीएनयू व्यवस्था लिहिणार. अँड्र्यू टॅननबाउम यांनी शिकवायला बंदी आहे म्हणून स्वतःच मिनिक्स नावाची छोटी व्यवस्था लिहून १९८७ मध्ये पुस्तकासह दिली. ते पुस्तक वाचलेल्या लिनस टोरवाल्ड्स ह्या हेलसिंकीच्या विद्यार्थ्याने १९९१ च्या ऑगस्टमध्ये लिनक्सची घोषणा केली. वर्गात शिकवू नका म्हटले, तर मास्तर आणि विद्यार्थी ह्यांनी मिळून दुसरे घर बांधले. नोव्हेंबर २०१७ पासून जगातल्या सर्वांत बलाढ्य पाचशे यंत्रांच्या यादीतले प्रत्येक यंत्र लिनक्सवर चालते.

आणि तुमच्या खिशातला अँड्रॉइड फोनही! इथे मी आरंभीच्या वाक्याकडे येतो. ह्या फोनच्या तळाशी लिनक्सचाच कारभारी आहे, आणि मालक-गट-जग हा जुना कायदा तिथे जसाच्या तसा आहे. फक्त बिऱ्हाडकरू बदलले. पूर्वी प्रत्येक माणसाला एक क्रमांक मिळे. फोनमध्ये तुम्ही उतरवून घेतलेल्या प्रत्येक ॲपला स्वतंत्र क्रमांक मिळतो, सामान्यतः दहा हजारांच्या पुढचा. बँकेचे एक बिऱ्हाड, खेळाचे एक, निरोप पाठवण्याचे एक, भाजी मागवण्याचे एक. एकाला दुसऱ्याच्या खोलीत जाता येत नाही. योजना उत्तम आहे. खेळाच्या ॲपने बँकेच्या फायली वाचू नयेत हे मलाही हवे आहे. पण ‘अनेकांचे यंत्र गेले’ म्हणणाऱ्या विद्वानांना मी विचारतो: हे काय आहे मग? अनेक गेले नाहीत. माणसांच्या जागी ॲपे आली, आणि त्यांच्यामागे ज्यांनी ती धाडली त्या कंपन्या.

युनिक्समध्ये एक सर्वाधिकारी असतो. त्याचे नाव रूट, क्रमांक शून्य. नऊ होय-नाहींचा कायदा त्याला लागू नाही. तो कोणाचीही फाईल वाचतो, कोणालाही काढून टाकतो. हा ह्या व्यवस्थेतला उघडा दोष आहे, आणि युनिक्सचे भक्त तो झाकतात तेव्हा त्यांचाही मला कंटाळा येतो. इतका बारीक कायदा लिहायचा आणि वर एक बेबंद राजा बसवायचा! स्टॉलमन यांचे मतभेद इथेच होते. राजपदाची किल्ली मोजक्या टोळक्याच्या हाती ठेवण्याची जी रीत काही ठिकाणी होती ती त्यांनी जीएनयूच्या प्रोग्रामात मुद्दाम घातली नाही, आणि का घातली नाही ते पुस्तिकेत लिहून ठेवले. पण निदान त्या जुन्या यंत्रावर राजा कोण ते ठाऊक असे. तो त्याच इमारतीत बसे, त्याच्याशी भांडता येई. तुमच्या फोनवर शून्य क्रमांकाच्या हक्काने काय चालावे हे परदेशातल्या वा परप्रांतातल्या कंपनीच्या सहीने ठरते. कंपनीने घालून दिलेली काही ॲपे काढता येत नाहीत, फार तर निजवता येतात. पुष्कळ फोनांचे कुलूप उघडण्याची परवानगीच मिळत नाही. ज्यांचे उघडते, त्यांवर बँकेची ॲपे अनेकदा चालायला नकार देतात. पंधरा हजार रुपये मोजून तुम्ही वाडा घेतला, आणि वाड्यात तुमची पदवी काय? सन्माननीय पाहुणा.

ह्यावर ठरलेले उत्तर आहे: लोकांच्या हाती किल्ल्या दिल्या तर लोक फोन बिघडवतील, चोर त्यांना फसवतील. भीती अगदीच खोटी नाही. फोनवरून गोड बोलून पैसे लुबाडणारे रोज नवा डाव काढतात हे मी जाणतो. पण ह्या उत्तराची जात मला ओळखीची आहे. शहाण्यांनी अडाण्यांच्या भल्यासाठी किल्ल्या सांभाळायच्या, आणि अडाण्यांना शिकवायचे मात्र नाही! ज्याला मालक, गट आणि जग हा भेद शाळेत कळला, तो विजेरीच्या ॲपने पत्त्यांची वही मागितली की थबकेल. ज्याला तो कधी सांगितलाच नाही, तो हिरव्या बटणावर बोट ठेवतो. आणि मग आपणच त्याला अडाणी म्हणतो. शिवाय माझी मागणी सर्वांना राजा करा अशी नाहीच. यंत्र ज्याने विकत घेतले त्याला राजा कोण ते कळले पाहिजे, आणि हवे तेव्हा स्वतःच्या जोखमीवर ती किल्ली मागता आली पाहिजे.

पाठ्यपुस्तक मंडळींना खर्चाची सबब आवडते, म्हणून तीही संपवतो. केरळातल्या सरकारी शाळांत कित्येक वर्षे मुले मोकळ्या व्यवस्थेवर, जीएनयू-लिनक्सवर, शिकत आली आहेत; परवान्याला पैसा लागत नाही. कचेरीतून भंगारात निघालेले दहा वर्षांचे यंत्रसुद्धा त्यावर चालते, आणि वर्गातल्या चाळीस मुलांना चाळीस नावे देणे हे एका मधल्या सुट्टीचे काम आहे. मी ते करून पाहिले आहे. प्रत्येकाला स्वतःचे नाव आणि स्वतःची खोली मिळाली. वर्गाचा एक गट केला, आणि गटाची एक सामाईक जागा, जिथे सर्वांनी ठेवावे पण दुसऱ्याचे उचलू नये. गाण्यांची ती मुलगी तेव्हा दहावीत होती. तिने आजीपाशी पुन्हा बसून गाणी पहिल्यापासून टाइप केली, ती फाईल सामाईक जागेत ठेवली आणि तिला ६४४ केले. मी विचारले, “सगळ्यांना का वाचू देतेस?” ती म्हणाली, “वाचू देत की. लिहायचं नाही फक्त.”

पुढच्या वेळी अभ्यासक्रम बदलायला बसणाऱ्या समितीने उंदराचे चित्र खुशाल ठेवावे. त्याच्या पुढच्या पानावर मालक, गट, जग हे तीन शब्द, त्यांच्याखाली वाचणे, लिहिणे, चालवणे हे तीन शब्द, आणि ४, २, १ हे तीन आकडे छापावेत. मी ते दीड तासिकेत शिकवतो. फळा आणि खडू एवढेच लागते. त्या दिवशी वीज गेलेली असली तरी चालते.